मोकळ्या मांडणीच्या कार्यालयातील गलका: काचेची केबिन, भिंतींना फोम की छत?

हिशेबनीस (प्रश्न)

नमस्कार.

आमचे हिशेबलेखन व करसल्ल्याचे कार्यालय पुण्यात एका व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. छोट्या छोट्या खोल्यांची जुनी जागा सोडून गेल्या दिवाळीनंतर आम्ही येथे आलो. हे एकच सलग दालन आहे: १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद आणि ३.३ मीटर उंच. खाली व्हिट्रिफाइड फरशी, रस्त्याच्या बाजूला जवळजवळ पूर्ण काच, बाकीच्या भिंतींना गिलावा आणि रंग. आधीच्या भाडेकरूने बसवलेले फॉल्स सीलिंग आमच्या इंटीरियरवाल्यांनी काढून टाकले, कारण स्लॅब आणि एसीचे पाइप उघडे ठेवले की जागा उंच व मोकळी दिसते. दिसायला ती खरोखरच सुंदर झाली आहे.

आम्ही २२ जण आहोत. त्यांपैकी ५ जणांना दिवसभर ग्राहकांशी फोनवर बोलावे लागते. उरलेल्यांचे काम आकड्यांचे, म्हणजे एका ओळीवरून नजर ढळली तर पूर्ण ताळा पुन्हा तपासावा लागतो असे. जुन्या जागेत हीच माणसे होती, हेच फोन होते, आणि तरीही त्रास नव्हता. येथे मात्र दुपारपर्यंत सगळ्यांचेच आवाज चढलेले असतात आणि संध्याकाळी डोके जड होऊन माणसे घरी जातात. गेली १४ वर्षे आमच्याकडे असलेल्या एका सहकारी बाईंनी मागच्या आठवड्यात घरून काम करण्याची परवानगी मागितली. त्यांच्या जाण्याने काय गमावले जाईल हे मला ठाऊक असल्यामुळे हा प्रश्न मी अधिक टाळू शकत नाही.

मोबाइलवरील अ‍ॅपने मोजल्यास दुपारी ६४ ते ६८ डेसिबल दिसतात. व्यापारी क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल असल्याचे वाचले आहे, म्हणजे आम्ही सीमारेषेवर आहोत असे दिसते. फोनवर बोलणाऱ्यांच्या मागच्या भिंतीवर ६ चौरस मीटर जागेत एक इंच जाडीचा, पिरॅमिडसारखे उंचवटे असलेला फोम चिकटवून पाहिला. काहीही फरक पडला नाही. आता एक जण सांगतो की फोनवाल्यांना काचेची केबिन बांधा, दुसरा सांगतो की चारही भिंती फोमने मढवा, तिसऱ्याच्या मते फॉल्स सीलिंग पुन्हा करा. जागा भाड्याची आहे आणि या वर्षी यांपैकी एकाच कामापुरते पैसे आहेत.

आणखी एक अडचण आहे. आमच्या बैठकीच्या केबिनला जमिनीपासून वरपर्यंत काच आहे, तरीही आत ग्राहकाच्या उत्पन्नाविषयी चाललेले बोलणे बाहेरच्या टेबलावर शब्दन्‌शब्द ऐकू येते. हे कसे थांबवावे?

---

निनादकाल

ताई, आपण दालनाची मापे दिलीत हे फार चांगले केले, कारण त्यामुळे अंदाजाने बोलण्याऐवजी हिशेब मांडता येतो. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे आणि निवृत्तीनंतर शाळांच्या सभागृहांची अशीच कामे पाहतो.

सर्वप्रथम दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील, कारण साहित्य विकणारे त्या एकाच नावाखाली विकतात. दालनात निर्माण झालेला आवाज पृष्ठभागांवर आपटून परत येऊ न देणे म्हणजे ध्वनिशोषण. आणि आवाज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ न देणे म्हणजे ध्वनिरोध. शोषण करणारे पदार्थ मऊ आणि सच्छिद्र असतात, त्यांच्यातून हवा जाते. ध्वनिरोध करणाऱ्या भिंती जड आणि निश्छिद्र असाव्या लागतात. म्हणून मोठ्या दालनातील गलका काचेने कमी होत नाही आणि केबिनमधले बोलणे फोमने अडत नाही. आपले दोन प्रश्न या दोन वेगळ्या जातींचे आहेत.

आता दालनाकडे येतो. नवीन घरात सामान लागण्याआधी बोललो तर आवाज घुमतो, हे सर्वांनी अनुभवलेले असते. आवाज बंद झाल्यावर तो ६० डेसिबलने खाली यायला जितका वेळ लागतो त्याला निनादकाल म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन या प्राध्यापकांकडे १८९५ साली फॉग संग्रहालयातील एक व्याख्यानकक्ष दुरुस्त करण्याचे काम आले. तेथे शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत असे आणि व्याख्यान समजत नसे. सॅबाइन जवळच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणत, कक्षात किती गाद्या ठेवल्या की निनाद किती कमी होतो ते मोजत, आणि सकाळपूर्वी त्या परत नेऊन ठेवत. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे: दालनाचे घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. शोषणाचे एकक समजायला सोपे आहे. १ चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे १ एकक, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

आपल्या दालनाचे घनफळ सुमारे ५३५ घनमीटर आहे. गिलावा, काच आणि फरशी पडलेल्या आवाजाचा फार तर २ ते ४ टक्के भाग शोषतात. त्यांचे मिळून साधारण १४ एकक, २२ माणसांचे १० आणि खुर्च्या, कपाटे, कागदांचे गठ्ठे यांचे ८ धरले तर एकूण शोषण ३२ एककांच्या आसपास येते. म्हणजे निनादकाल सुमारे २.७ सेकंद. हे सूत्र आवाज सर्वत्र सारखा पसरला आहे असे गृहीत धरते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा वेगळा निघेल. पण बोलण्याचे काम चालणाऱ्या कार्यालयाला ०.६ सेकंदांच्या जवळपास असावे लागते हे पाहता, दोन्हींमधले अंतर प्रचंड आहे.

यावरून आपल्या फोमचे काय झाले तेही कळते. तो त्याच्यावर पडणाऱ्या आवाजाचा ६० टक्के भाग शोषतो असे उदारपणे मानले तरी ६ चौरस मीटरमधून ३.६ एकक मिळाले, म्हणजे ३२ चे ३५.६ झाले. आवाजाची पातळी त्यामुळे अर्धा डेसिबल उतरली, आणि तेवढा फरक कानाला जाणवत नाही. उलट २.७ वरून ०.६ सेकंदावर यायचे तर एकूण १४३ एकक लागतील, म्हणजे सुमारे १११ एककांची भर. आपले छत १६२ चौरस मीटर आहे. त्याला ०.७ एनआरसी (शोषणाचा निर्देशांक, म्हणजे ७० टक्के शोषण) असलेल्या खनिज तंतूंच्या टाइल्स लावल्या तर ११३ एकक मिळतात. एवढे सलग, रिकामे आणि कोणाच्या कामात न येणारे क्षेत्रफळ दालनात दुसरे नाही, म्हणून माझे उत्तर छत हेच आहे. घुमणाऱ्या आवाजाची पातळी यामुळे सुमारे साडेसहा डेसिबलने खाली येईल. त्याखेरीज आणखी एक लाभ होईल, जो सूत्रात दिसत नाही. आजूबाजूला गलबला असला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार्ड यांनी हे १९११ साली दाखवून दिले. दुपारी सगळ्यांचे आवाज चढतात असे आपण लिहिले आहे ते हेच. पार्श्वभूमी शांत झाली की माणसे आपोआप हळू बोलू लागतात.

एनआरसी हा आकडा २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या चार वारंवारतांवरील शोषणाची सरासरी असतो, त्यामुळे विक्रेत्याकडे प्रत्येक वारंवारतेचा तक्ता मागावा. पातळ फोम उंच सुरांवर चांगला आणि २५० हर्ट्झवर अगदीच दुबळा असतो. सच्छिद्र पदार्थ कठीण पृष्ठभागापासून तरंगलांबीच्या पाव अंतरावर सर्वांत चांगले काम करतो. ५०० हर्ट्झच्या आवाजासाठी हे अंतर १७ सेंटिमीटर होते. भिंतीला चिकटवलेला एक इंच तेथपर्यंत पोहोचतच नाही. छतापासून थोडे खाली टांगलेले साहित्य अधिक उपयोगी ठरते ते यामुळेच.

शेवटी ६५ डेसिबलविषयी. तो आकडा ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मधील आहे आणि व्यापारी क्षेत्रातील बाहेरच्या वातावरणासाठी, सकाळी ६ ते रात्री १० या वेळेपुरता आहे. कार्यालयाच्या आत एकाग्रतेने काम करता येईल का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. बाहेरचा रस्ता ६५ वर असणे आणि ताळेबंद तपासणाऱ्याच्या कानाशी ६५ असणे यांत फार अंतर आहे.

---

ठाणेकर_व्यवस्थापक

वरील हिशेब बरोबर आहे, परंतु छत केल्यानंतर काय होते ते मी सांगतो, कारण आमच्या कार्यालयात ते दोन वर्षांपूर्वी केले.

छत झाल्यावर पहिल्या आठवड्यात सगळे आनंदी होते. नंतर एक नवी तक्रार सुरू झाली: पूर्वी नुसता कलकलाट ऐकू येत असे, आता पलीकडच्या रांगेतल्या माणसाचे वाक्य कळते. आणि वाक्य कळले की मन त्याच्या मागे जाते. मला तेव्हा समजले की कामात खरा व्यत्यय आवाजाच्या मोठेपणाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, बोलण्याच्या अर्थामुळे येतो. पंख्याची घरघर दिवसभर चालते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. शेजारच्या टेबलावर कुजबुजत सांगितलेली लग्नाची बातमी मात्र पूर्ण ऐकली जाते.

मोकळ्या कार्यालयांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३३८२-३, त्यात म्हणूनच नुसता निनादकाल पाहत नाहीत. बोलणाऱ्यापासून अंतर दुप्पट केले की त्याचा आवाज किती उतरतो, ४ मीटरवर तो किती उरतो, आणि किती मीटरनंतर त्याचे शब्द पुरेसे अस्पष्ट होतात, हे मोजले जाते. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीनुसार अंतर दुप्पट होताच ७ डेसिबल किंवा अधिक घट, ४ मीटरवर ४८ डेसिबल किंवा कमी, आणि ५ मीटरच्या आत शब्द अस्पष्ट, असे असेल तर ध्वनीच्या दृष्टीने कार्यालय चांगले मानले जाई. ताईंच्या उघड्या दालनात दहा मीटरवरचा फोनही स्पष्ट ऐकू येत असणार.

यावर आम्ही केलेले उपाय स्वस्त होते. फोनवर बोलणारी माणसे दालनाच्या मध्यभागी बसत असत; त्यांना एका टोकाला नेले आणि त्यांच्या व आकडेमोड करणाऱ्यांच्या मध्ये प्रिंटर, फायलींची कपाटे आणि चहाची जागा आणली. त्यांच्या टेबलांना तिन्ही बाजूंनी कापडी पडदी लावली. तिची उंची जमिनीपासून १.५ मीटर ठेवली, कारण बसलेल्या माणसाचे कान साधारण १.२ मीटरवर असतात आणि त्याहून ठेंगणी पडदी केवळ कागद अडकवण्याच्या उपयोगाची असते. मात्र छत शोषक असल्याशिवाय पडदीला अर्थ नाही, आवाज वर आपटून पलीकडे उतरतो. त्यामुळे आधी छत आणि मग पडदी, हा क्रम मीही सांगेन.

आणखी एक निरीक्षण. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत तक्रारी वाढत. बराच काळ कारण कळले नाही; मग लक्षात आले की थंडीत पंखे आणि एसी बंद असतात, आणि त्यांचा सलग, अर्थहीन आवाज बोलणे झाकत होता तो नाहीसा होतो. आता आम्ही एसीचा फक्त पंखा हळू वेगाने चालू ठेवतो. मोठ्या कार्यालयांत हेच काम छतातील छोट्या स्पीकरमधून मंद, खालच्या सुरांकडे झुकलेला सलग आवाज सोडून करतात आणि तो सहसा ४० ते ४५ डेसिबलच्या दरम्यान ठेवतात. त्याहून मोठा केला तर तोच आवाज त्रास देऊ लागतो. बाविसांच्या कार्यालयाला त्याची गरज मला वाटत नाही.

---

रंधा_करवत

नमस्कार ताई. मी कोल्हापुरात इंटीरियरची कामे घेतो. वरच्या दोघांनी शास्त्र सांगितले, मी हाताने करायच्या गोष्टी सांगतो.

भाड्याच्या जागेत पूर्ण ग्रिड सीलिंग करायचे नसेल, किंवा एसीचे पाइप पुन्हा झाकायचे नसतील, तर टांगती पॅनेल करावीत. लाकडी अथवा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत ५० मिलिमीटर जाडीचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे ग्लासवूल किंवा रॉकवूल (काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंची लादी) बसवायचे, त्यावर काळा टिश्यू (पातळ सच्छिद्र आवरण) आणि वरून कापड. स्लॅबपासून २० ते ३० सेंटिमीटर खाली तारेने टांगले की दोन्ही बाजूंनी आवाज शोषला जातो, त्यामुळे छताचे संपूर्ण क्षेत्रफळ झाकावे लागत नाही. जागा सोडताना काढून नेता येतात. पाठीमागे प्लायवूड मात्र लावू नये. पुष्कळ सुतार मजबुतीसाठी लावतात आणि वरची अर्धी बाजू वाया जाते.

कापडाची परीक्षा अगदी सोपी आहे. कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी. फुंकर आरपार गेली तर आवाजही जाईल. रेक्झिन, प्लास्टिकचा थर दिलेले पडद्याचे कापड किंवा जाड छपाईचे कॅनव्हास घेतले तर आतले ग्लासवूल कितीही चांगले असले तरी निम्मे काम बुडाले समजावे. खनिज तंतूंच्या टाइल्सना काही वर्षांनी भिंतीचा रंग मारतात, तीही हीच चूक आहे, कारण छिद्रे बुजतात. साध्या जिप्समच्या किंवा पीओपीच्या सलग छताने गलका कमी होईल असे कोणी सांगितले तर ऐकू नये. ते दिसायला फॉल्स सीलिंगच असते, परंतु आवाजाच्या दृष्टीने गिलाव्याचाच भाऊ.

आता फोमविषयी, आणि हे मी आवर्जून सांगतो. भिंतीवर जो साधा पॉलियुरेथेन फोम चिकटवला जातो तो पेट घेतला की अतिशय वेगाने जळतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड असतात. चारही भिंती त्याने मढवण्याचा सल्ला ज्याने दिला त्याला आगीचा विचार सुचला नसावा. आहे तो फोमही काढून टाकावा, विशेषतः विजेचे बोर्ड जवळ असतील तर. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे यांचाही उपयोग नाही. थर्माकोलमधली छिद्रे बंद असतात आणि ट्रे म्हणजे पातळ पुठ्ठा, दोन्ही आगीला पोषक. ग्लासवूल जळत नाही, पण कापताना हातमोजे, चष्मा आणि मास्क वापरावेत व काम सुटीच्या दिवशी करावे, कारण त्याचे तंतू अंगाला खाज आणतात. पावसाळ्यात स्लॅब गळत असेल तर आधी ती गळती थांबवावी. भिजलेले पॅनेल पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. स्प्रिंकलर असतील तर पॅनेलची जागा ठरवण्यापूर्वी इमारतीच्या अग्निशमनाचे काम पाहणाऱ्यांना दाखवावे.

केबिनच्या बाबतीत काच बदलण्याआधी दाराखाली पाहावे. काचेच्या दाराखाली बोटभर फट असतेच.

---

निनादकाल

केबिनचा मुद्दा आला आहे तर तो आकड्यात मांडतो. दार ०.९ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच असेल आणि खाली १ सेंटिमीटर फट असेल, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या अर्धा टक्का होते. १० मिलिमीटर जाडीची चांगली काच एकटी ३० डेसिबलहून अधिक आवाज अडवते, परंतु अर्धा टक्का उघडे राहिले की दाराची एकूण क्षमता २३ डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही, मग काच दुप्पट जाड केली तरीही. पाण्याच्या टाकीला भोक असताना टाकीची भिंत जाड करण्यासारखे ते आहे. दाराखाली आपोआप खाली उतरणारी सील पट्टी, काचेच्या दोन तावांमधल्या उभ्या सांध्यात सिलिकॉन आणि दाराच्या चौकटीला रबर, एवढे आधी करावे. मग वर पाहावे: आपल्याकडे सीलिंग काढलेले आहे, तर काचेच्या वरचा भाग स्लॅबपर्यंत बंद केला आहे का? पुष्कळदा काच जुन्या सीलिंगच्या उंचीवर थांबते आणि वर पाइपांसाठी जागा तशीच मोकळी राहते.

---

हिशेबनीस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रविवारी कार्यालय रिकामे असताना जाऊन तपासले. दालनाच्या मध्यभागी टाळी वाजवली तर आवाज विरायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. केबिनच्या दाराखाली माझे बोट सहज गेले. आणि वर, काचेच्या पट्टीच्या वर, एसीचा पाइप जेथून आत जातो तेथे वीतभर रुंद पोकळी आहे. आत दिवा लावल्यावर बाहेरून तिच्यातून उजेड दिसला. हे काम अवघ्या दोन दिवसांचे आहे, त्यामुळे ते या आठवड्यातच करून घेते.

भिंतीवरचा फोम आजच काढला. छतासाठी टांगत्या पॅनेलचा मार्ग मला पटतो, कारण जागामालकांना त्यावर आक्षेप नाही. परंतु संपूर्ण दालनाचा खर्च एका वर्षात झेपणार नाही. पहिल्या टप्प्यात निम्मी पॅनेल लावायची झाल्यास ती दालनभर विरळ पसरावीत की एकाच ठिकाणी दाट लावावीत?

---

निनादकाल

घुमणे सर्वत्र सारखे कमी करायचे असेल तर पसरून लावणे योग्य, कारण शोषक तुकड्यांच्या कडाही काम करतात आणि तेवढ्याच क्षेत्रफळात अधिक शोषण मिळते. परंतु आपल्याकडे त्रासाचा उगम ठरलेला आहे. म्हणून आधी फोनवर बोलणारे पाच जण काचेपासून दूरच्या टोकाला बसवावेत, त्यांच्या डोक्यावर आणि पडदीच्या पलीकडे पहिल्या दोन रांगांवर पॅनेल दाट लावावीत आणि उरलेली विरळ पसरावीत. त्यांच्या मागची भिंतही सोडू नये. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण ०.९ ते १.८ मीटर या पट्ट्यात दोन-तीन पॅनेल उभी लावावीत. निम्मे काम झाल्यावरही शोषण ३२ वरून ८५ च्या आसपास जाईल, म्हणजे निनादकाल एका सेकंदावर आणि पातळी चार डेसिबलने खाली. फरक पहिल्याच दिवशी कळेल.

---

रंधा_करवत

ताई, पुढच्या वर्षीच्या पॅनेलचे कापडही आताच एका ताग्यातून घेऊन ठेवावे. वर्षभराने तोच रंग मिळत नाही. आणि छताला हुक सगळ्या पॅनेलचे एकदाच मारून घ्यावेत, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला कामकाज बंद ठेवून स्लॅबला ड्रिल मारावे लागणार नाही.